मोटर कोणत्या कुशीवर निजवावी

"मावशी, दोन घेऊ का चार?"

आमच्याकडे धरणाच्या काठावरून आलेला माणूस हा प्रश्न विचारतो तेव्हा तो भाकरींचा नसतो. नावेच्या मागच्या फळीला अडकवायची छोटी पेट्रोल मोटर दोन स्ट्रोकची घ्यावी की चार स्ट्रोकची, असा तो प्रश्न असतो. तो विचारायला लोक दुसरबीडच्या रस्त्यावर माझ्या दुकानात येतात. माझं वय अडुसष्ट. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तरी येतात.

मी लगेच उत्तर देत नाही. आधी विचारते, "मोटर घरी नेल्यावर निजवणार कशी?"

नवा माणूस असला की तो माझ्या तोंडाकडे बघतो, मग ह्यांच्याकडे बघतो. म्हातारी हुकली की काय, असा भाव. हे आमचे यजमान. ते बाकावर बसून पेपर वाचत असतात, मान वर न करता म्हणतात, "सांगा बापा, ती विचारते ते सांगा. तिनं हा प्रश्न लय महागात घेतला आहे."

तो महागात कसा पडला, तेच लिहिते. पैशात नाही पडला. पैशात पडला असता तर मी केव्हाच विसरून गेले असते.

बुलढाणा जिल्ह्यात नावेच्या मोटरी कुठून आल्या, असं पुण्याची माझी भाची दर उन्हाळ्यात विचारते. समुद्र नाही, पण धरणं आहेत ना. धरण भरलं की पाणी मागे पसरतं, वाटा बुडतात, आणि ज्याचं वावर काल घरासमोर होतं ते आज पाण्यापलीकडे जातं. रस्त्यानं जायचं तर अर्धा दिवस वळसा. म्हणून नावा. आणि दुपारनंतर पाण्यावर वारा सुटतो, भरलेली नाव बांबूनं रेटणाऱ्याचे खांदे उतरतात. म्हणून मोटरी.

दुकान मुळात ह्यांचं. फवारणीचे पंप, मोपेड, विहिरीवरची इंजिनं दुरुस्तीला यायची. ह्यांना हौस गिऱ्हाइकाशी गप्पा मारायची आणि मला हौस इंजिन उघडायची, त्यामुळे संसार सुखाचा झाला. सुरुवातीला मी पाने हातात द्यायची. मग हे बाहेर चहाला गेले की मी पाने हातात घ्यायची. गिऱ्हाईक येऊन विचारायचं, "मिस्त्री कुठं गेला?" मी म्हणायची, "गेला नाही, आली आहे. बोला."

चाळिशीला पोचेपर्यंत मी पंचक्रोशीत 'मिस्त्रीन' झाले होते, आणि डोक्यात हवा इतकी, की टायरमध्ये भरली असती तर ट्रक चालला असता.

एकदा धाड गावाकडचा एक शेतकरी फवारणीचा पंप घेऊन आला. म्हणाला, "धूर लय मारते, अन् भज्याचा वास येते." मी टाकीचं झाकण उघडून नाक लावलं आणि म्हटलं, "भाऊ, करडईचं तेल टाकलं का हो?" तो म्हणाला, "हाव. दुकानदार म्हणला पेट्रोलमंदी तेल टाका. घरचं घाण्याचं होतं, चांगलं होतं, म्हून टाकलं." त्या दिवसापासून मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले, की मला डोळे बांधून बसवा, वासावरून सांगीन तेल कोणतं. हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरायला फार आवडलं असतं.

आता दोन आणि चारमधला फरक. दोन स्ट्रोकचं इंजिन म्हणजे उभ्यानं जेवणारी घाईची बाई. पिस्टन एकदा वर, एकदा खाली, तेवढ्यात आत घेणं, दाबणं, पेटवणं, बाहेर फेकणं सगळं उरकून मोकळी. तिला तेल वेगळं द्यावं लागत नाही, पेट्रोलमध्येच मिसळून द्यायचं. अंगानं हलकी, सुटे भाग कमी, उचलली की चालली. पण खाते फार, सांडते फार, आणि बोलते तर इतकी मोठ्यानं की पलीकडच्या काठावर ऐकू जातं. चार स्ट्रोकचं इंजिन पाटावर बसून जेवतं. एका फेरीत घेणार, दुसरीत दाबणार, तिसरीत पेटवणार, चौथीत बाहेर टाकणार. खाणं कमी, धूर नाही, आवाज मांजरासारखा. पण अंगानं जड, किंमत जास्त, आणि त्याचं तेल वेगळं, पोटात साठवलेलं असतं. ते पोटातलं तेल ही सगळ्या गोष्टीची मेख आहे.

गोदाबाई माझ्याच वयाची. पाण्याकाठच्या गावात तिचं घर, आणि भाजीपाल्याचं वावर पलीकडे. अशा बारा बायांचा तिचा गट होता. वांगी, सांभार म्हणजे आमची कोथिंबीर, आणि दसऱ्याला झेंडू. सगळं पाण्यावरून आणायचं आणि बाजाराच्या दिवशी इकडच्या काठाला येणाऱ्या जीपमध्ये घालायचं. ग्रामपंचायतीनं एक पत्र्याची नाव गावासाठी दिली होती. ती या बायांनी मागितली आणि गावातल्या पुरुषांच्या गटानंही मागितली. पुरुषांचे पुढारी विठ्ठलराव. शेवटी बैठकीत ठरलं, की दिवाळीपर्यंत नाव बायांकडे. दर बाजाराला फेरी झाली पाहिजे, भाजी जीपमध्ये चढली पाहिजे. एक जरी खाडा पडला, तर नाव विठ्ठलरावांच्या गटाला.

"एकच खाडा," विठ्ठलराव बोट वर करून म्हणाले होते. "मंग रडायचं नाई."

"रडाले कोणाले येळ हाय भाऊ?" गोदाबाई म्हणाली. "तुमच्याच घरातली या बारात हाय. तिले इचारा."

खरंच होतं. विठ्ठलरावांची बायको सुशीला गटातच होती.

तर गोदाबाई माझ्याकडे आली. "मिस्त्रीन, मोटर घ्याची हाय. दोन का चार?"

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "दोन. डोळे झाकून."

आज कबूल करते. मी दोन म्हटलं, कारण चार मी तोवर एकदाही उघडलेली नव्हती. मोटरसायकलची चार स्ट्रोक इंजिनं केली होती, पण नावेची नाही. आपल्याला येत नाही त्याला वाईट म्हणायचं, हा माझा त्या काळातला नियम होता. स्वयंपाकातही तोच. पुरणपोळी मला जमायची नाही, म्हणून मी ती पचायला जड असते असं सांगत असे.

गोदाबाई हुशार. तिनं एका बाजाराला सुखदेवभाऊंच्या डोंग्याची, म्हणजे छोट्या होडीची, दोन स्ट्रोक मोटर मागून घेतली आणि नावेला लावून पाहिली. सुखदेवभाऊ म्हणजे धरणातले मासेमारी करणारे भोई, त्यांची मोटर माझ्याच हातची. मोटर छान चालली, पण वारा मागून होता. सगळा धूर भाजीवरून गेला. बाजारात व्यापाऱ्यानं जुडी नाकाशी धरली आणि विचारलं, "बाई, हे सांभार हाय का फवारा?"

दुसऱ्या दिवशी ती दुकानात येऊन म्हणाली, "चारच घेतो."

मी तोंड वाकडं केलं, पण मोटर आणून दिली. खोक्यात एक पुस्तक होतं, इंग्रजी, चित्रांचं. मी ते उघडलंही नाही. "पुस्तक वाचून इंजिन समजत असतं तर शाळेच्या मास्तरांनी गॅरेजं टाकली असती," असं म्हणून तिच्या हातात दिलं. गोदाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं ते नीट पिशवीत ठेवलं.

पावसाळाभर एक खाडा पडला नाही. बाजाराच्या सकाळी मोटर नावेला, संध्याकाळी दोघी बाया धरून घरी. चोरीची भीती होती ना. घरी तिनं लाकडाचा घोडा करून घेतला होता, त्यावर मोटर उभीच टांगायची. मी एकदा पाहिलं आणि हसले. "काय वं, मोटर आहे का पाहुणा? उभी ठेवते ती!"

मग खंडेनवमी आली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा. माझ्या दुकानात तर जत्राच. फवारणीचे पंप, शिलाई मशीन, पाने, हातोड्या, सगळे पाटांवर आडवे, हळदकुंकू लावलेले, झेंडूचं फूल वाहिलेलं. पूजेनंतर अवजाराला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. वर्षभर राबतं, एक दिवस त्याला आराम. त्या वर्षी गोदाबाईनं मोटर माझ्याकडे पूजेला आणली, मोठ्या मानानं, धुऊनपुसून.

मी तिच्यासाठी चांगला पाट मांडला. मोटर आडवी केली, आणि कंपनीचं नाव असलेली बाजू वर आली पाहिजे म्हणून दुसऱ्या कुशीवर फिरवली. कुंकू तिथे उठून दिसणार होतं.

गोदाबाई हळूच म्हणाली, "मिस्त्रीन, त्या पुस्तकात चित्र हाय. अशा कुशीवर फुली मारली हाय. त्या कुशीवर बरोबरची खूण हाय."

दुकानात दहा-बारा माणसं. त्यात विठ्ठलराव, त्यांचा पंप घेऊन आलेले. सगळ्यांसमोर मला चित्र दाखवते! मी म्हटलं, "अवं, लोखंड आहे ते. लोखंडाले का कूस असते? कशीबी निजव."

लोक हसले. मलाही गंमत वाटली.  गोदाबाईनं मोटरीला फूल वाहिलं आणि नमस्कार केला.

लोखंडाला कूस नसते, हे दोन स्ट्रोकच्या बाबतीत खरं. तिच्या पोटात तेलच नाही, तिला उलटी टांगा. चारच्या पोटात तेल असतं. चुकीच्या कुशीवर निजवली की ते जिथे जायला नको तिथे जातं, पिस्टनच्या डोक्यावर जाऊन बसतं. प्रत्येक कंपनीची बरोबर कूस वेगळी. म्हणून तर ते चित्र.

दसऱ्याच्या सकाळी गोदाबाई आणि आणखी दोघी जीप घेऊन मोटर न्यायला आल्या. मोटर उचलल्यावर मला पाटावर तेलाचा डाग दिसला, पिवळा, स्वच्छ. वाटलं, समईचं तेल सांडलं. शुभ! मी बोट बुडवून डोळ्यांना लावलं. वासावरून तेल ओळखणाऱ्या मिस्त्रीनबाईंनी इंजिनचं तेल भक्तिभावानं डोळ्यांना लावलं आणि वर ह्यांनाही लावलं.

तासाभरात निरोप आला, मोटर चालत नाही.

मी गेले तेव्हा काठावर सगळं गाव. त्या दिवशीचा बाजार म्हणजे वर्षाचा बाजार. पलीकडे बारा बायांचा झेंडू फुललेला, दुपारी जीप निघायच्या आत तो तोडून आणायचा, आणि दसरा संपला की झेंडूला कोण विचारतो? विठ्ठलराव पांढराशुभ्र नवा शर्ट घालून उभे होते. "खाडा पडते आज," ते कोणालाच उद्देशून नसल्यासारखे म्हणाले.

मी मोटरीची दोरी ओढली. इंचभर आली आणि थटली. इंजिन गच्च. भीती वाटली की माणूस जे करतं ते मी केलं. वळून मोठ्यानं म्हटलं, "काय टाकलं वं गोदे तू हिच्यात?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

तिनं पदर कमरेला खोचला.  मग बायांना म्हणाली, "मोटर काढा. बांबू घ्या."

"अन् येताना?" सुशीला म्हणाली. "भरल्या नावेनं वाऱ्यात कशी येशीन?"

"येतानाचं येताना पाहू. ठराव नावेचा हाय, मोटरीचा नाई. बसा."

त्या निघाल्या. बांबू पाण्यात पडत राहिले, आणि मी काठावर त्या मोटरीपाशी बसून राहिले. विठ्ठलराव वाकून पाहायला आले. "मिस्त्रीनबाई, गेली का हो कामातून?"

मी प्लग काढला, मोटर धरली आणि सगळ्या जोरानं दोरी ओढली. प्लगच्या भोकातून तेलाची धार उडाली ती थेट नव्या शर्टावर, गळ्यापासून खिशापर्यंत.

"अवो माय!" विठ्ठलराव मागे सरले.

मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्या बोटांना ते तेल लागलं होतं. पिवळं, स्वच्छ. मी बोट नाकाशी नेलं. सकाळी पाटावर होतं तेच. माझ्याच डोळ्यांना लावलेलं.

त्यानंतर मी हात थांबवला नाही. तेल यायचं थांबेपर्यंत दोरी ओढत राहिले. प्लग पेट्रोलनं धुतला. तेल मोजायची कांडी घालून पाहिलं, पोटातलं तेल उतरलं होतं. पिशवीत मोटरसायकलचं तेल होतं ते कांडीच्या खुणेपर्यंत भरलं. पण चालवून पाहता येईना. नावेची मोटर पाणी ओढून थंड होते, काठावर कोरडी चालवली तर जळते. आणि नाव तर पलीकडे.

"सुखदेवभाऊ," मी हाक मारली, "डोंगा काढा."

"तुमाले पोहता येते का, मिस्त्रीन?"

"नाही."

"मंग मोटर कोण धरीन?"

"मी धरते. उभी."

त्यांच्या डोंग्याची दोन स्ट्रोक मोटर धडधडत निघाली, धूर सोडत. मधल्या फळीवर मी, दोन्ही पायांत ती चार स्ट्रोकची, मिठी मारून धरलेली, लग्नाच्या मांडवात रडणारं लेकरू धरतात तशी. इंचभर कलू दिली नाही. पाणी माझ्या पावलांवर येत होतं आणि वारा सुटायला लागला होता. सुखदेवभाऊ मागून ओरडून म्हणाले, "पाह्यलं का, दोननं चारले कडेवर घेतलं!" मला हसू आलं, आणि त्याच वेळी रडूही. दोन्हीसाठी हात मोकळे नव्हते.

पलीकडे बाया फुलं तोडत होत्या. गोदाबाईनं मला येताना पाहिलं, तोडणं थांबवलं नाही. मी मोटर नावेला बसवली, पेच आवळले. मग तिच्यापाशी जाऊन म्हटलं, "गोदा, चूक माझी. मी निजवली तशी, म्हणून तेल वर गेलं."

"माहीत हाय."

"कधी कळलं?"

"तुह्या दुकानातच, सकाळी. मी पाट पुसला. दिव्यात तुह्या करडईचं तेल होतं, हे दुसरंच होतं." तिनं टोपली उचलली. "वास येत होता."

"मग काठावर बोलली काऊन नाही? मी सगळ्यांसमोर तुझ्यावर ढकललं."

ती थांबली. "गावात बायांची मोटर पाहणारी एक बाई हाय. तिलेच मी इठ्ठलरावांपुढं खोटं पाडू? मंग उद्या मोटर कोणापाशी नेऊ? त्यायच्यापाशी?"

मी नावेत चढून दोरी धरली. 

"आता ओढ ती दोरी," ती म्हणाली. "झेंडू वाट पाहत नाई."

पहिल्यांदा ओढली, नुसती खोकली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा पेटली, आणि असा पांढरा धूर सोडला की बारा बाया आणि सगळा झेंडू दिसेनासा झाला. "ही तर दोनची बी आई झाली!" सुशीला खोकत म्हणाली. उरलेलं तेल जळेपर्यंत आम्ही थांबलो, आणि मग आवाज उतरला, मांजरासारखा. तेव्हा टोपल्या चढवल्या.

नाव निघायच्या आत गोदाबाईनं एक गोष्ट केली. पुस्तकातलं चित्र तिला पाठ होतं. कपाळावरची टिकली काढली आणि मोटरीच्या एका अंगाला दाबून चिकटवली. "ही आभाळाकडं. आता चुकशीन तर आंधळी म्हणीन तुले."

वाऱ्याविरुद्ध भरलेली नाव सरळ आली. काठावर जीप उभी होती, इंजिन चालू. टोपल्या चढल्या. विठ्ठलराव तेलानं माखलेल्या शर्टात तसेच उभे होते. सगळ्यांना वाटलं, आता वाद घालतील. मी नावेतून उतरायच्या आधीच मोठ्यानं सांगितलं, "मोटर माझ्या चुकीनं बंद पडली होती. गोदाबाईनं बरोबर सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

विठ्ठलराव माझ्याकडे पाहत राहिले. मग सुशीलेकडे. ती म्हणाली, "शर्ट मी धुऊन देतो. नाव देत नाई."

"मी कुठं मागून राह्यलो?" विठ्ठलराव म्हणाले. "खाडा पडला नाई. नाई पडला तर नाई पडला."

नाव दिवाळीनंतरही बायांकडेच राहिली. तेव्हाची जुनी झाली, दुसरी आली, तीही त्यांचीच आहे. मोटरीही दोन बदलल्या, दोन्ही चारच्या.

म्हणून मी दोन का चार हे लगेच सांगत नाही. एकट्यानं उचलून न्यायची, डोंगा हलका, जीपमध्ये कशीही टाकायची, धुराचं काही वाटत नाही, तर अजून कुठे जुनी दोन सापडली तर घ्या. भाजी, माणसं, रोजच्या फेऱ्या असतील तर चार घ्या. पण तिला निजवायची कशी ते घरात ज्याला ठाऊक असेल, त्याच्या हातात द्या. माझ्या दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक चारवर एक लाल टिकली असते. रंगानं काढत नाही, पाकिटातली खरी लावते. निघाली की लोक नवी मागायला येतात. हे म्हणतात, तुझ्या दुकानाला आता बांगड्याही ठेव.

खंडेनवमीला मोटरी अजून येतात. गोदाबाईही येते. गेल्या वर्षी पहिल्यांदा एक बॅटरीची मोटर आली, ना दोन ना चार. मी पाट मांडला, चष्मा लावला आणि आधी पुस्तक उघडलं. इंग्रजी अक्षर अक्षर लावत पहिल्या पानावरच अडकले होते. गोदाबाईनं ते माझ्या हातातून घेतलं, दोन पानं उलटली आणि एका चित्रावर बोट ठेवलं.

"हिले कूस नाई," ती म्हणाली. "निजव कशीबी."

मी तरी टिकली लावली.